एकद्वार संकेतस्थळ आणि देवनागरी पत्ता : मराठी विकिपीडियाचे उदाहरण

मराठी विकिपीडियावरील ‘विक्रोळी’ हा लेख उघडला असता ब्राउझरच्या पत्तापट्टीत उपनगराचे नाव शुद्ध देवनागरीत दिसते. तोच पत्ता उचलून प्रबंधाच्या तळटीपेत ठेवला, की बहुधा त्या नावाच्या जागी टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि अंक यांची ७२ चिन्हांची माळ उमटते. संदर्भ देणाऱ्या प्रत्येक मराठी अभ्यासकास हा अनुभव येतो. त्याचे मूळ महाजालाच्या पत्तापद्धतीच्या इतिहासात आहे.

महाजालाच्या आरंभकाळी पत्ता म्हणजे सर्व्हरवरील फाइलीचे स्थान, एवढाच त्याचा अर्थ होता. फाइल हलली की तिच्याकडे जाणारे सर्व दुवे तुटत. १९९५ मध्ये रास्मुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी प्रसिद्ध केल्यावर पृष्ठे मागणीनुसार तयार करणे सोपे झाले. परंतु पत्त्यात आज्ञावलीचे नाव, प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे घटकांची जंत्री अशी भर पडली. वाचकाला ज्याच्याशी कर्तव्य नाही असे यंत्राचे अंतरंग त्याच्यासमोर उघडे पडले. पत्ता बदलता कामा नये आणि त्यात आज्ञावलीची खूणही असू नये, असे महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मधील एका टिपणात आग्रहाने प्रतिपादिले. त्याचे साधन मात्र आधीच सिद्ध झाले होते. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये अपाचे सर्व्हरसाठी पत्ते पुनर्लेखित करणारा घटक रचला होता.

या साधनामुळे एकद्वार रचना सुकर झाली. वाड्यात येणारा प्रत्येक जण देवडीवरूनच आत जावा, तशी येथे प्रत्येक मागणी इंडेक्स.पीएचपी या एकाच फाइलीकडे वळविली जाते. चित्रे, शैलीपत्रके अशा प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या फाइली तेवढ्या थेट दिल्या जातात. उरलेला पत्ता ही फाइल तोडून वाचते आणि कोणते पृष्ठ हवे ते ठरविते. यात एक अडचण उद्भवते. पत्ता पाहून ब्राउझरला पृष्ठ दोन-तीन पायऱ्या खोल असल्यासारखे वाटते, आज्ञावली मात्र मुळाशीच असते. त्यामुळे सापेक्ष दुवे भलतीकडे जातात. म्हणून दुवे मुळापासून लिहावे लागतात आणि ते हाताने न लिहिता एकाच ठिकाणी घडवावे, हे उत्तम. नवशिक्या रचनाकाराची पहिली ठेच बहुधा येथेच लागते.

विकिपीडियाने ही शिस्त पूर्णत्वास नेली. माग्नुस मान्स्के यांची पीएचपी आज्ञावली जानेवारी २००२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर आली. त्याच वर्षी जुलैत ली डॅनियल क्रॉकर यांनी केलेल्या पुनर्लेखनाने तिची जागा घेतली. पुढे तिलाच मीडियाविकी हे नाव मिळाले. १ मे २००३ रोजी आरंभ झालेला मराठी विकिपीडिया याच परंपरेतला. येथे लेखक पत्ता लिहीतच नाही. तो दुहेरी चौकटी कंसात शीर्षक लिहितो, दुवा आज्ञावली घडविते, आणि लेख नसेल तर दुवा तांबडा दाखविते. वाचनाचे पत्ते ‘विकी’ या शब्दाखाली, तर संपादन व इतिहास यांचे प्रश्नचिन्हयुक्त पत्ते ‘डब्ल्यू’ या अक्षराखाली, अशी विभागणी आहे. प्रवेशाच्या फाइलीचे मूळ नाव विकी.पीएचटीएमएल होते, पुढे ते इंडेक्स.पीएचपी झाले, तरी वाचनाच्या पत्त्यांना धक्का लागला नाही. लेखाचे शीर्षक बदलल्यास जुन्या शीर्षकावर सामान्यतः पुनर्निर्देशन राहते.

जुने मोडू न देता नवे रचण्याची ही दृष्टी टपालखात्यास परकी नव्हती. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, तेव्हा ‘मुंबई ७९’ हा विक्रोळीचा जुना क्रमांक ४०००७९ च्या शेवटी जसाच्या तसा राहिला.

परंतु पत्त्याची ‘स्वच्छता’ ही कल्पना रोमन लिपी गृहीत धरून जन्मली होती. पत्त्यात मोजकीच रोमन चिन्हे चालतात. इतर प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अंकाक्षरे अशा तीन चिन्हांनी लिहावा लागतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘विक्रोळी’त व्यंजने, स्वरचिन्हे व हलन्त मिळून आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट आणि ७२ चिन्हे. मीडियाविकीत शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट असल्याने इंग्रजी लेखकास २५५ अक्षरे मिळतात, मराठी लेखकास ८५ चिन्हे. शिवाय ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, आज्ञावलीस मात्र ती दोन शीर्षके वाटतात, आणि पुनर्निर्देशन हाताने जोडावे लागते.

या अडचणींना कंटाळून पत्त्यापुरते रोमन लिप्यंतर करण्याची वाट अनेक मराठी संकेतस्थळांनी धरली. ती सोपी आहे, पण विश्वसनीय नाही. लिप्यंतराला सर्वमान्य नियम नाही. विक्रोळीच्या प्रचलित इंग्रजी रूपात ‘क’चा ‘ख’ झाला आहे आणि ‘ळ’ला तर जागाच नाही. तेव्हा मराठी नावावरून असा पत्ता तर्काने काढणे अशक्य होते. मराठी विकिपीडियाने देवनागरीच ठेवली, हा निर्णय लांबलचक माळेची किंमत मोजूनही योग्य मानावा लागतो. कारण ती माळ उलट वाचली असता मूळ शब्द अक्षरशः परत मिळतो. छापील तळटीपेची सोय म्हणून २०१९ पासून विकिमीडियाची लघुपत्त्यांची सेवा उपलब्ध आहे. परंतु लघुपत्त्यात विषयाचे नाव उरत नाही. प्रबंधकर्त्याने लेखाच्या विशिष्ट आवृत्तीचा क्रमांक असलेला स्थायी दुवा द्यावा आणि शेजारी शीर्षक देवनागरीत लिहावे. पुढे लेखात फेरफार झाले तरी परीक्षकास त्या क्रमांकावरून उद्धृत मजकूर पडताळता येतो.