नौकेवरील बिनतारीचे बहिरेपण

समुद्रावरील बिनतारी संदेशांचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी बहुधा संदेश धाडणाऱ्यांचाच इतिहास लिहिला. तो संदेश ऐकू येण्यासाठी डोलकाठीवर तार किती उंच चढवावी लागे, मिठाने खाल्लेला सांधा कोण आणि केव्हा घाशी, आणि ऐकणाऱ्याने ठरल्या वेळी कान देऊन बसावे यासाठी राष्ट्राराष्ट्रांना कोणते करार करावे लागले, ही हकीकत मात्र तंत्रज्ञांच्या दप्तरातच पडून राहिली. लहान नौकेच्या दृष्टीने हीच हकीकत अधिक मोलाची आहे. कारण मोठ्या जहाजावर एक यंत्र बंद पडले तर दुसरे हाताशी असते, लहान नौकेचा मात्र किनाऱ्याशी असलेला सारा संबंध त्या एका तारेवर अवलंबून असतो.

१८९७ च्या मे महिन्यात मार्कोनीने ब्रिस्टलच्या खाडीपलीकडे संदेश पोचविला, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, गुडविन नावाच्या कुविख्यात वाळूच्या दांड्यापाशी नांगरून ठेवलेल्या दीपनौकेवर त्याचे यंत्र बसले. १८९९ च्या एप्रिलात दाट धुक्यात आर. एफ. मॅथ्यूज नावाचे जहाज या दीपनौकेवरच येऊन आदळले, तेव्हा इतरांना धोक्याची सूचना देण्यासाठी ठेवलेल्या या नौकेला स्वतःसाठी मदत मागावी लागली, आणि तिची हाक साउथ फोरलंडच्या दीपगृहात ऐकू गेली. समुद्रावरून बिनतारी यंत्राने मदत मागितल्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग एका नांगरलेल्या लहान नौकेच्या वाट्याला यावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

यंत्रातील दोष हुडकून काढण्याचा सर्वांत हृदयद्रावक प्रसंग टायटॅनिकवरचा आहे. अपघातापूर्वी एकदोन दिवस तिचे यंत्र अकस्मात मुके झाले. जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड या दोघा तरुण बिनतारी कारकुनांनी सुमारे सहा तास खपून शोध घेतला, तेव्हा रोहित्राच्या पेटीतील तारांचे वेष्टन जळून त्या लोखंडी खिळ्यांना टेकल्या असल्याचे आढळले, आणि रबरी फीत गुंडाळताच यंत्र पूर्ववत् चालू लागले. त्या सहा तासांच्या कष्टाविना १५ एप्रिल १९१२ रोजी मध्यरात्रीनंतर मदतीला धावलेल्या कार्पेथिया जहाजाला हाक पोचली नसती. उलट, जवळच उभ्या असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचे यंत्र धडधाकट होते, परंतु तिचा एकुलता एक कारकून टक्कर होण्यापूर्वी थोडाच वेळ यंत्र बंद करून निजला होता. ऐकू न येण्याची ही दोन कारणे, सांध्यातील दोष आणि ऐकणाऱ्याची अनुपस्थिती, पुढील सर्व इतिहासात पुन्हापुन्हा भेटतात.

दुसऱ्या कारणावर तोड म्हणून मौनाची प्रथा आली, आणि सागरी दस्तुरांत इतका उदात्त दस्तुर मला दुसरा दिसत नाही. तारयंत्राच्या ५०० किलोहर्ट्झवर दर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत, आणि पुढे दूरध्वनीच्या २१८२ किलोहर्ट्झवर तासाच्या व अर्ध्या तासाच्या आरंभी तीन तीन मिनिटे, साऱ्या जहाजांनी आपले व्यवहाराचे बोलणे थांबवून केवळ ऐकावे, म्हणजे कोणा दुर्बळ यंत्राची क्षीण हाकही गोंगाटात बुडणार नाही, असा हा नियम होता. यंत्राच्या खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर हे काळ लाल आणि हिरव्या रंगांच्या पाकळ्यांनी आखलेले असत.

२१८२ ही संकटसूचनेची कंप्रता १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथील परिषदेने जगासाठी मुक्रर केली. ती परिषद चालू असतानाच, १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईस इतला झाली ती पोहून निघालेल्या माणसांकडून, आणि तीही दुपार उलटल्यावर. त्या दिवशी ज्या घरांतील माणूस परतला नाही, त्या घरांना कंप्रता, परिषदा आणि करार यांचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

यंत्र आले तरी लहान नौकेवर ते ऐकू येईलच असे नव्हते. २१८२ च्या लहरीची लांबी सुमारे १३७ मीटर. तिच्या चौथाईइतकी तार हवी, तर मासेमारी बोटीच्या डोलकाठीवर तेवढी जागा कोठून असणार? म्हणून आखूड तारेला गुंडाळीची जोड देत, आणि लाकडी बोटीच्या पाण्याखालील भागावर तांब्याचा पत्रा ठोकून समुद्रालाच यंत्राचे ‘अर्थिंग’ करीत. हा पत्रा शंखशिंपल्यांनी माखला वा त्याची तार कुजली की आवाज बसे. डोलकाठीच्या चिनीमातीच्या विलगकांवर मिठाचा पापुद्रा धरला की दमट रात्री वीज त्या पापुद्र्यावरूनच झिरपून जाई. अनुभवी माणसे ते गोड्या पाण्याने धूत.

१९५७ च्या हेग येथील परिषदेने व्हीएचएफची मांडणी पक्की केल्यावर सोळावा चॅनल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, लहान नौकांच्या आटोक्यात आला. अँटेना एका मीटरभर काठीत मावू लागली. पण येथे उंचीचा हिशेब निष्ठुर आहे. चार मीटर उंचीवरील दोन अँटेनांना एकमेकींचे ऐकू येते ते सुमारे १६ किलोमीटरपर्यंत. किनाऱ्यावरचे केंद्र १०० मीटर उंच टेकडीवर असेल तर तेच अंतर ५० च्या आसपास जाते. यंत्राची शक्ती वाढवून यात फारसा फरक पडत नाही.

व्हीएचएफच्या या एफएम यंत्राचे बहिरेपण जुन्या यंत्रांच्या खरखरीसारखे क्रमाक्रमाने येत नाही. हाक क्षीण झाली की ‘स्क्वेल्च’ तिला खरखरीसह मिटवून टाकतो, आणि तांडेलाला वाटते की कोणी बोलतच नाही. म्हणून जाणता कारागीर आधी स्क्वेल्चचा खुंटा मागे फिरवून खरखर ऐकतो. ती आली की यंत्र जिवंत आहे, मग संशय डोलकाठीकडे वळतो. अँटेनाच्या पायथ्याचा जोड उघडला तर आत हिरवट थर आणि केबलीच्या जाळीत काळवंडलेले तांबे सापडते. पातळ केबलीच्या २० मीटर लांबीत, ती नवी असली तरी, निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच खर्च होते. पाणी शिरल्यावर तर विचारूच नये. आपल्याला दुसऱ्याचे ऐकू येते आणि त्याला आपले नाही, अशी कैफियत असेल तर बॅटरीची वायर तपासावी, कारण २५ वॉटने बोलताना पाचसहा अँपिअर लागतात आणि गंजलेल्या टोकावर विजेचा दाब ढासळतो.

इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढउतार होणारी शीळ ही डायनामोची, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. नवा शत्रू एलईडी दिव्यांच्या रूपाने आला. २०१८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने या दिव्यांमुळे व्हीएचएफवरील ऐकणे बिघडते असा जाहीर इशारा दिला. त्याची परीक्षा सोपी: शांत चॅनलवर खरखर जेमतेम थांबेल इतपत स्क्वेल्च ठेवावा, आणि एकेक दिवा लावावा, ज्या दिव्यासरशी खरखर परतते, तो दोषी.

२०१७ साली ओखी चक्रीवादळाचा इशारा खोल समुद्रात गेलेल्या असंख्य मासेमारी नौकांपर्यंत पोचलाच नाही. केरळ-तामिळनाडूच्या अनेक बोटी वादळ झेलत सिंधुदुर्गात देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. त्यानंतर उपग्रहामार्फत इशारे पोचविणाऱ्या यंत्रांची तजवीज झाली आहे. तरीही शेजारच्या नौकेला हाक मारायची ती सोळाव्या चॅनलवरूनच, त्याच काठीने आणि त्याच केबलीने. म्हणून बंदर सोडण्यापूर्वी दुसऱ्या बोटीशी एखाद्या कामाच्या चॅनलवर, एक वॉटवर, दोन शब्द बोलून पाहण्याचा रिवाज प्रत्येक धक्क्यावर पडला पाहिजे.