जुन्या डिझेल गाडीचा सौदा

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा डिझेल इंजिनाशी परिचय झाला तो विहिरीच्या काठी. साताऱ्याकडील धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातील आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीस स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची यंत्रे मोटेच्या जागी आली, आणि त्यांच्या नित्य सहवासाने एका पिढीचा कान असा तयार झाला की, इंजिनाचा ठोका चुकला तर नोझल बिघडले आहे की व्हॉल्व्ह, हे झाकण न उघडता सांगणारे लोक गावोगावी निर्माण झाले. पुढे जुनी पिकअप घेण्याचा प्रसंग आला तेव्हा हीच विद्या उपयोगी पडली, असे माझे मत आहे.

तो प्रसंग येण्यास मात्र काही दशके जावी लागली. १९५१ च्या औद्योगिक विकास व नियमन कायद्याने कारखान्याने काय आणि किती निर्माण करावे हे परवान्याच्या अधीन केले. नव्या वाहनासाठी नाव नोंदवून तिष्ठत बसणे हा शिरस्ता झाला, आणि सुस्थितीतील जुन्या गाडीस साहजिकच मान आला. मुंबईत १९४७ पासून जीप जुळविणाऱ्या महिंद्रांनी ऐंशीच्या दशकात प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन इगतपुरीस बनविण्यास प्रारंभ केला, १९८६ साली टाटांची ४०७ व १९८८ साली टाटामोबाईल पिकअप आली; आणि भाजीपाला, दुधाचे कॅन, मंडपाचे सामान वाहून पहिल्या धन्याने सोडलेल्या या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या दारी पोहोचू लागल्या. डिझेल पेट्रोलहून स्वस्त ठेवण्याचे सरकारी धोरण त्यांच्या पथ्यावर पडले, हे निराळे सांगावयास नको.

या व्यवहारातील जाणकारांचा पहिला आग्रह असा की, इंजिन रात्रभर थंड राहिलेले असावे आणि पहिला स्टार्टर आपल्यादेखत मारला जावा. यामागे शास्त्र आहे. डिझेल पेटते ते ठिणगीने नव्हे, तर दाबाने तापलेल्या हवेने; स्लीव्ह आणि रिंगा झिजल्या की दाब गळतो, आणि गार सकाळी इंजिन कुरकुरू लागते, परंतु तेच एकदा तापले की निरोगी असल्याचे सोंग उत्तम वठविते. म्हणूनच गिऱ्हाईक पोहोचण्यापूर्वी एक फेरी मारून ठेवणाऱ्या विक्रेत्याविषयी मिस्त्री साशंक असतो. बॉनेटला हात लावून तो ऊब पाहतो, तेलाचे झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन किती येते ते जोखतो, आणि मग सायलेन्सरपाशी उभा राहतो: निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी कोठे मुरते याचा शोध घ्यावा. मीटरवरील आकड्यास तो फारशी किंमत देत नाही, आणि ते योग्यच आहे. हौद्याचा तळ, चासीवरील वेल्डिंगचे ठिगळ, मागील स्प्रिंगांत चढविलेला जादा पाटा यांची साक्ष त्याला अधिक विश्वसनीय वाटते. कारण जेथे जादा पाटा आहे तेथे जादा माल वाहिला गेला, हा तर्क सहसा खोटा ठरत नाही.

यंत्राची परीक्षा अशी कसोशीने करवून घेणारा शेतकरी कागदांच्या बाबतीत मात्र नवल वाटावे इतका गाफील असतो. जमिनीच्या खरेदीखतात पिढ्यानपिढ्या मुरलेला हा समाज. सातबाऱ्यावरील बोजा उतरल्याखेरीज तो इसारही देणार नाही. परंतु गाडीचा सौदा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन पुरा झाला असे तो मानतो, आणि गाडीच्या नोंदणीपुस्तकावर जुन्याच मालकाचे नाव वर्षानुवर्षे नांदते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास हे मंजूर नाही: हस्तांतराची वर्दी नमुना २९ व ३० भरून मुदतीत द्यावी लागते, कर्जाचा बोजा असेल तर सावकार संस्थेच्या सहीचा नमुना ३५ लागतो, आणि गाडी परराज्यातील असेल तर तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. फिटनेस, विमा व पर्यावरण कर यांची थकबाकी पाहावयाची ती निराळीच.

विक्रेत्यांनीही हे ध्यानी घ्यावे. गाडी विकून, पैसे घेऊन, ताबा देऊन मोकळे झालो असे समजणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईपुरता वाहनाचा मालक होय.