औषधाची गाडी, पण कुणाच्या रक्ताची?

रायगड जिल्ह्यातील म्हसळ्याच्या एका शाळेत रक्तगटांविषयी बोलायला आम्ही गेलो होतो. फळ्यावर आधीच तक्ता काढून ठेवलेला होता : ए, बी, एबी, ओ, आणि ओ गटापुढे ठळक अक्षरांत 'सर्वदाता'. तक्ता सुबक होता. पण निदान कोकणात तरी तो जसाच्या तसा शिकवू नये, असे आमचे मत आहे. त्याचे कारण सांगता सांगता त्या दिवशी गप्पा तांबड्या पेशीत औषध भरण्याच्या प्रयोगांपर्यंत गेल्या. त्याच इथे थोड्या सविस्तर मांडतो.

१९५२ साली मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत आढळलेल्या तीन माणसांच्या तांबड्या पेशींवर ए प्रतिजन नव्हते, बी नव्हते. म्हणजे गट ओ म्हणावा, तर त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करीत होता!

उलगडा असा : ए आणि बी ही प्रतिजने म्हणजे पेशीपटलावरच्या एच नावाच्या पायावर जोडलेल्या एकेका शर्करा-घटकाची करामत. ओ गटाच्या पेशींवर नुसता पाया असतो. या तिघांकडे पायाच नव्हता. मग वर मजला कुठून चढणार? ए किंवा बी चे जनुक आई-वडिलांकडून आले असले, तरी ते दिसत नाही. शिवाय ज्यांच्याकडे एच नाही, त्यांच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रतिपिंडे असतात. अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिले, तर त्या पेशी फुटतात आणि जीवावर बेतते. या प्रकाराला जगभर 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. युरोपात तो साधारण १० लाखांत एखाद्याला, तर भारतात सुमारे १० हजारांत एकाला आढळतो. आणि भारतात नोंदलेल्यांमध्ये महाराष्ट्रातील लोकांचा वाटा मोठा आहे. आई-वडील दोघांकडून दोष असलेले जनुक आले तरच तो प्रकट होतो, त्यामुळे घरात कोणाला पूर्वी माहीत असेलच असे नाही.

आता तांबड्या पेशीकडे वाहन म्हणून पाहू. तिला केंद्रक नाही, आत जागा भरपूर. स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद केशवाहिनीतून ती अंग चोरून निसटते. सुमारे १२० दिवस फिरते आणि म्हातारी झाली की प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी तिला गिळतात. अशी पेशी भरायची कशी? बेदाणे पाण्यात टाकून परासरणाचा प्रयोग आपण वर्गात करतोच. तांबडी पेशी कमी क्षारांच्या द्रावणात ठेवली, तर तीही पाणी ओढून फुगते. पुरती फुटण्याच्या बेतात आली की तिच्या पटलात बारीक छिद्रे पडतात. त्यातून बाहेरचे द्रव्य आत शिरते, थोडे हिमोग्लोबिन बाहेर पडते. मग क्षारांचे प्रमाण पूर्ववत केले आणि पेशींना ऊब दिली की छिद्रे बुजतात. माल आत राहतो.

हंगेरीच्या गार्दोश यांनी १९५३ मध्ये रिकाम्या केलेल्या पेशींत एटीपी भरण्याचे प्रयोग केले. त्यांना औषध द्यायचे नव्हते, पेशीपटलाचे काम समजून घ्यायचे होते. १९७३ मध्ये अमेरिकेत आयलर व सहकाऱ्यांनी विकरे भरून दाखवली, आणि उपचारांचा विचार तेव्हापासून नेटाने सुरू झाला. १९७७ मध्ये बॉयटलर यांच्या गटाने गोशे विकाराच्या रुग्णावर ते करून पाहिले. या विकारात एका विकराच्या अभावी भक्षक पेशींमध्ये स्निग्ध द्रव्य साचते आणि प्लीहा वाढते. तांबडी पेशी शेवटी तिथेच जाते, म्हणजे गाडी आणि मुक्कामाचे ठिकाण आपोआप जुळले. कल्पना आम्हाला आजही देखणी वाटते. पण रुग्णांच्या उपयोगी पडली ती दुसरीच वाट : विकराच्या शर्करा-साखळ्या बदलून ते थेट शिरेतून देण्याची. तिला अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली.

पुढे दोन रस्ते झाले. एकात रुग्णाचे स्वतःचे सुमारे ५० मिलिलिटर रक्त काढून त्याच्या पेशींत डेक्सामेथासोनचे फॉस्फेट भरतात आणि परत देतात. पेशीतील विकरे फॉस्फेट हळूहळू तोडतात आणि औषध झिरपत राहते. दुसऱ्यात रक्तपेढीतील दात्याच्या, गट जुळवलेल्या पेशी घेतात. फ्रान्समध्ये अशा पेशींत अ‍ॅस्पॅराजिनेज हे विकर भरले. ते पेशीत लपलेले असल्याने प्रतिपिंडांच्या तावडीत सहज सापडत नाही, आणि कर्कपेशींना हवे असलेले अ‍ॅस्पॅराजिन आत ओढले जाऊन तिथेच नष्ट होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील त्याची मोठी चाचणी मात्र २०२१ मध्ये अपेक्षित फळ देऊ शकली नाही. अपयशांची ही यादी मुलांपासून लपवू नये. पन्नास वर्षे माणसे एका कल्पनेला चिकटून राहतात, हेही विज्ञानच.

दोन्ही रस्त्यांवर प्रश्न एकच : गाडी कुणाची? दात्याच्या पेशीत कितीही गुणकारी औषध भरले, तरी बॉम्बे गटाच्या रुग्णाच्या शरीरात ती पेशी पोचताच ओळखली जाईल आणि फुटेल. सारा माल एकदम रक्तात सांडेल, तोही पेशी फुटण्याच्या मूळ धोक्यासह. त्याला स्वतःच्या पेशी किंवा त्याच दुर्मिळ गटाच्या दात्याच्या पेशीच चालतील.

म्हसळ्यात एका मुलीने खिशातून ओळखपत्र काढले. त्यावर गट ओ लिहिलेला. "हे चुकीचं असू शकतं का, सर?"

आम्ही म्हटले, शक्यता फार कमी, पण आहे. बोट टोचून, प्रति-ए आणि प्रति-बी एवढेच वापरून केलेल्या तपासणीत बॉम्बे गट ओ म्हणूनच दिसतो. तो पकडायचा तर उलटी चाचणीही करावी लागते : व्यक्तीचा रक्तद्रव घ्यायचा आणि त्यात ओ गटाच्या पेशी मिसळून पाहायच्या. रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत क्रॉस-मॅचिंग करतात, त्यातही तो उघडा पडतो. शंका आली तर नमुना मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पाठवता येतो.

तिने ओळखपत्र पुन्हा एकदा नीट पाहिले. मग उठून फळ्यापाशी गेली आणि 'सर्वदाता'च्या पुढे खडूने एक लहानसे प्रश्नचिन्ह काढून आली.