पाचोळ्याचा हिशेब

पिकले पान गळायचेच, असे म्हणून आपण विषय संपवतो. सह्याद्रीच्या सदाहरित रानात मात्र पान गळले की त्याचे दुसरे कार्य सुरू होते. त्या कार्याची किंमत माणसाला कशी कळत गेली, याचा इतिहास वादांनी भरलेला आहे.

उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्यास जोडला गेला. शिरसी-सिद्दापूरकडील सुपारीचे बागाईतदार लगतच्या रानातून पाला आणीत, तो गोठ्यात गुरांखाली पसरीत आणि शेणात मुरलेले ते खत पोफळीच्या मुळाशी घालीत. अशा राखीव पाल्याच्या रानाला कानडीत ‘सोप्पिन बेट्ट’ म्हणतात. पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि पाला नेणे हा प्रजेचा हक्क की सरकारची मेहेरबानी, असा प्रश्न उभा राहिला. इकडे ठाणे-कुलाब्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून असंतोष माजला व १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

हाच कलह जर्मनीतही चालू होता. बव्हेरियाचे शेतकरी गुरांसाठी रानातील पाचोळा ओरबाडून नेत. एबरमायर या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, पाचोळ्याबरोबर रानाचे अन्नच बाहेर जाते. १८८१ मध्ये डार्विनने गांडुळांवर पुस्तक लिहिले आणि माती घडविण्याचे श्रेय त्या क्षुद्र जीवाला दिले. हान्स येनी व त्याचे सहकारी यांनी १९४९ मध्ये कोलंबिया व कॅलिफोर्निया येथील रानांची तुलना केली. उष्ण प्रदेशात पाचोळा कितीतरी वेगाने कुजतो, हे त्यांनी आकड्यांनी मांडले.

आपल्या घाटातही तेच घडते. उन्हाळ्यात साचलेला पाचोळा पावसाळ्यात भिजतो. पालाश पाण्याबरोबर लवकर सुटते. नत्र व स्फुरद सावकाश मोकळे होतात. वाळवी व गांडुळे पान कुरतडतात, बुरशीचे पांढरे तंतू त्याचा चिवट भाग पचवितात, आणि मातीच्या वरच्या थरात पसरलेली बारीक मुळे सुटलेले अन्न टिपून घेतात. जांभ्या मातीत लोहाशी जखडलेले स्फुरद मुळांना सहजी मिळत नाही. म्हणून रानाची मोठी पुंजी पाने, पाचोळा आणि मुळे यांच्यातच फिरत राहते. पाऊस इतका धुवांधार असूनही रान दरिद्री होत नाही, याचे मर्म हे आहे.

सरकारी दप्तरात लाकडाचे घनफूट मांडले जात. बागाईतदार सुपारीचे मण मोजी. दोघांचेही हिशेब आपापल्या परीने खरे, परंतु अपुरे होते. बागाईतदाराने पाला नेला तो हौसेने नव्हे, पोटासाठी. आणि त्याचे पोट ज्या रानावर अवलंबून होते, त्या रानालाही पोट होते. बंदी घालणाराने पहिली गोष्ट विसरू नये आणि पाला नेणाराने दुसरी. रानातून काय न्यावे एवढेच ठरवून भागत नाही. तेथे काय पडू द्यावे, हेही ठरवावे लागते.