न चाखता मीठ

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत चांगल्या स्वयंपाक्याची चर्चा निघते ती विषाच्या भीतीपोटी. कौटिल्याचं अर्थशास्त्र सांगतं, राजाचं जेवण सुरक्षित, आडबाजूच्या जागी शिजवावं आणि मुदपाकखान्याच्या प्रमुखाने प्रत्येक पदार्थ स्वतः भरपूर चाखून मगच पुढे जाऊ द्यावा. राजानेही पहिला घास अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावा. ज्वाळ निळी झाली, तडतडली किंवा पक्षी कोसळला, तर अन्नात विष आहे असं समजावं. थोडक्यात, स्वयंपाक्याचा पहिला गुण म्हणजे इमान, आणि ते सिद्ध करायचं स्वतःच्या जिभेवर.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्यायही याच धास्तीतून लिहिलेला आहे, पण वैद्याची नजर अधिक बारीक. स्वयंपाकघर प्रशस्त, स्वच्छ, हवेशीर हवं. खिडक्यांना जाळ्या हव्यात. तिथे काम करणारे आंघोळ केलेले, केस-नखं कापलेले, डोक्याला फेटा बांधलेले, कामात तरबेज, नम्र आणि प्रसन्न चेहऱ्याचे असावेत. भारत सरकारच्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत अन्न हाताळणाऱ्यांसाठी नखं कापलेली हवीत, डोकं झाकलेलं हवं, अशाच अटी आहेत. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणीची भर तेवढी नवी. दीड-दोन हजार वर्षांत या बाबतीत फारसं काही बदललं नाही, याचा मला आनंदच वाटतो. काही गोष्टी पहिल्यांदाच नीट सांगून झालेल्या असतात.

कौशल्याची गोष्ट मात्र महाभारतात भेटते. विराटाच्या दरबारी बल्लव होऊन जायला निघालेला भीम सांगतो, की मी कालवणं उत्तम करीन आणि लाकडाचे भारेही वाहून आणीन. स्वयंपाक हे अंगमेहनतीचं काम आहे हे त्या काळी कुणी लपवत नसे. नलाची कथा याहून हृद्य आहे. बाहुक नावाने, रूप पालटून राहिलेल्या नलाला दमयंती ओळखते ती अनेक खुणांवरून, आणि त्यांतली एक खूण म्हणजे त्याने शिजवलेलं मांस. केशिनी दासी एक तुकडा आणून देते, दमयंती तो तोंडात घालते आणि रडू लागते. चेहरा बदलला तरी हात बदलत नाही, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितलं असेल.

याच नलाच्या नावावर ‘पाकदर्पण’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात भाताचे आठ दोष मोजले आहेत. भात गिजगोळा होणं, करपणं, कोरडा राहणं, त्यात केस-किडे सापडणं हे दोष कुणालाही पटतील. पण यादीत ऋतूला न शोभणारा भात हाही दोष धरला आहे, आणि मला हा ग्रंथ आवडतो तो याच एका ओळीसाठी. भात उत्तम शिजला, पण हवेला मानवणारा नसेल, तर स्वयंपाकी चुकला. चरकाने आहाराच्या आठ कसोट्या सांगताना संस्कार, संयोग, प्रमाण, देश, काळ यांच्याबरोबर जेवणाऱ्यालाही धरलं आहे. स्वयंपाक्याने चुलीबरोबर पानावर बसलेल्या माणसाकडेही पाहावं, असा याचा रोख.

आता खरी कलाटणी. अर्थशास्त्रातला स्वयंपाकी चाखून पाहतो. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला ती मुभा नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखलं तर ते उष्टं. मग शंभर पानांची आमटी न चाखता बरोबर उतरवायची कशी? आपल्या आचाऱ्यांचा आणि घराघरांतल्या बायकांचा ‘अंदाज’ मुरला तो या अडचणीतून, असं माझं मत आहे. जिभेचं काम डोळे, नाक आणि बोटं करू लागली. पुरण झालं का, हे पातेल्यात कालथा उभा राहतो का यावरून ठरतं. साखरेचा पाक अंगठा आणि तर्जनीत धरून ताणायचा: एक तार आली की दोन, यावर पुढचं सगळं अवलंबून. भाताचं शीत चिमटीत दाबायचं. मीठ तळहाताच्या खळग्यात घ्यायचं. त्या खळग्यात किती मावतं हे हाताला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असतं. मुरलेल्या बाया उकळत्या आमटीच्या वासावरून ती अळणी आहे का हे सांगतात. पानात डावीकडे वर मीठ वाढायची आपली रीतही याला सोयीची आहे. कमी पडलं तर जेवणारा घेईल. जास्त झालं तर इलाज नाही. म्हणून जाणता हात नेहमी किंचित कमीकडे झुकतो.

याच सोवळ्याने एक मोठं नुकसानही केलं. जन्म हा गुण ठरला. कोणाच्या हातचं चालतं हे आधी, हाताला चव आहे का हे नंतर. कितीतरी सुगरण हात या एका अटीमुळे चार भिंतींपलीकडे गेलेच नाहीत.

पुढे छापखाना आला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 चं. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि तिने वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं. ज्यांना शेजारी उभं राहून शिकवायला सासू नव्हती, आई दूर होती, त्यांना या मापाने उभं केलं. अंदाजाचं कौतुक मलाही आहे, पण तो शिकवता येत नव्हता. वाटी शिकवता येते.

चाखण्याचा नियम मात्र पुन्हा परतला, आणि तोही विषामुळेच. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतलं कीटकनाशकमिश्रित जेवण खाऊन 23 मुलं दगावली. आता शाळेत मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकासह मोठ्या माणसांनी जेवण चाखणं सक्तीचं आहे. राजासाठी केलेली तजवीज आज पहिलीतल्या पोरासाठी होते, हे फार चांगलं झालं. या स्वयंपाकाच्या नेमणुकांत दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगून ठेवलं आहे. तरीही त्यांच्या हातचं नको म्हणून मुलांना उपाशी उठवणारे पालक देशात अजून निघतात.

शाळेच्या चुलीपुढे बसलेल्या बाईकडून आपण ग्रंथांतले सगळे गुण मागतो: इमान, स्वच्छता, प्रमाणाची जाण, अंगमेहनत, प्रसन्न चेहरा. केंद्राने तिच्यासाठी 2009 मध्ये ठरवलेलं मानधन महिना 1,000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. राज्यं आपापली भर घालतात, पण ते आजही मानधनच आहे, पगार नाही. तिला पगार मिळाला पाहिजे.