वाळूवरून आलेली मान्यता

मालवणला आमच्या आजोबांच्या होडीला उलांडी होती. होडीच्या एका अंगाला दोन आडवे दांडे आणि त्यांच्या टोकांना बांधलेलं लांब लाकूड. वाऱ्याने उलांडी पाण्याबाहेर येऊ लागली की आजोबा मला दांड्यावर बसायला पाठवायचे. होडी रुंद करायला ती जड करावी लागत नाही, हे मी तिथे शिकले.

हेच गणित नॅथॅनिएल हेरशॉफ यांनी 1876 साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत मांडलं. दोन अरुंद होड्या जोडून बनवलेली त्यांची ‘अमॅरिलिस’ जिंकली. हरलेल्यांनी तक्रार केली आणि तिला बाद ठरवलं गेलं. हेरशॉफ यांनी पुढे अमेरिकाज कप या शिडनौकांच्या शर्यतीसाठी अजिंक्य नौका बांधल्या, पण त्या एकाच बुडाच्या. हे मला आजही बोचतं. अशा जोडहोडीचं ‘कॅटामरान’ हे नावच मुळी आपल्या शेजारच्या तमिळमधल्या ‘कट्टुमरम’वरून, म्हणजे बांधलेल्या लाकडावरून आलेलं.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा होता. तळाला शिसं असलेली नौका कलंडली तरी सरळ होते. कॅटामरान उलटली की उलटीच राहते.

त्याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या पुळणीवर मिळालं. लाटांवरच्या फळ्या बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी 1968 च्या सुमारास चौदा फुटी कॅटामरान आणली, मागोमाग होबी 16. दोन्ही बुडांची बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. त्यामुळे होडी वाऱ्याने फारशी आडवी सरकत नाही आणि तळाला फळी लागत नाही. सुकाणू वर उचललं जातं, होडी थेट वाळूवर चढते. उलटलीच तर तिच्या दोरीला धरून मागे रेलायचं, आपल्याच वजनाने ती उभी राहते. मी याच होडीवर शिकले. डोलकाठीच्या तारेला लटकून बाहेर झुकताना आजोबांचा दांडा आठवायचा. 1976 मध्ये टोर्नाडो कॅटामरान ऑलिंपिकमध्ये उतरली. अमॅरिलिसला बाद करून तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती.

होडीला पाण्यावर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पात्यांनाही मान्यता मिळायला असाच वेळ लागला. एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये इटलीत इंजिनाची होडी पात्यांवर उचलली होती. हौशी शिडवाल्यांना ते जमलं मॉथ नावाच्या अकरा फुटी होडीवर. तिच्या नाकाशी एक काठी पाण्याला टेकलेली असते. होडी फार वर गेली की काठी खाली झुकते आणि पात्याची मागची पाळ फिरून होडीला खाली आणते. 2005 साली रोहन व्हील पात्यांच्या मॉथवर जगज्जेता झाला. 2013 मध्ये अमेरिकाज कपच्या अजस्र कॅटामरान पाण्यावरून उडाल्या, टोकियो ऑलिंपिकमध्ये नाक्रा 17 ही कॅटामरान उडाली.

पण शर्यतीतल्या कौतुकाने मान्यता पुरी होत नाही. आता आमच्या किनाऱ्यावर पोरं काखेत पातं लावलेली फळी आणि हातात हवा भरलेला पंख घेऊन थेट पाण्यात शिरतात. जे दोन हातांनी उचलून वाळूवरून नेता येतं, तेच लोकांचं होतं.