पद्मतीर्थ ते पोहरादेवी: वाशिमच्या वारशाची दारं

वाशिम शहरातल्या पद्मतीर्थाची एक जुनी कथा आहे. त्वचेच्या रोगाने गांजलेला वासुकी राजा शिकारीच्या नादात इथवर आला. वाटेत लागलेल्या डबक्यात त्याने हाततोंड धुतलं आणि बघता बघता रोग नाहीसा झाला. मग राजाने ते डबकं खोदून मोठं केलं आणि त्याचं तीर्थ झालं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनाही ही कथा नोंदवावीशी वाटली.

याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं प्रसिद्ध मंदिर आहे. तिथल्या परंपरेतही एक रोगी राजा भेटतो. एलिचपूरच्या श्रीपाळ राजाला कुष्ठ झालं होतं. पाण्याच्या स्पर्शाने तो बरा झाला आणि त्याच पाण्यातून पार्श्वनाथांची मूर्ती वर आली, असं जैन भाविक सांगतात. उत्तरेला कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. ‘गुरुचरित्रा’त माधव आणि अंबा यांचा मुलगा नरहरी ओंकाराखेरीज एक शब्दही उच्चारत नाही. आईबाप काळजीने पोखरून निघतात. मुलगा खुणा करून सुचवतो की माझी मुंज करा, म्हणजे मी बोलेन. मुंज होते, आई भिक्षा घालते आणि त्याच्या तोंडून वेदमंत्र सुरू होतात.

एकाच जिल्ह्यातल्या या तीन कथा. श्रद्धेने ऐकल्या जातात, मंदिरांच्या आवारात सांगितल्या जातात. इतिहास म्हणून त्यांच्याकडे पाहिलं तर वेगळंच काही हाती लागतं. आजार, व्यंग, मुकेपण यांना या मातीच्या आठवणीत पहिल्यापासून जागा आहे, पण ती जागा बरं होण्याच्या अटीवर मिळालेली आहे. राजाचं अंग स्वच्छ झालं, मुलाला वाचा फुटली, तेव्हा कुठे पुढची गोष्ट सुरू झाली. जे बरे झाले नाहीत, त्यांचं काय झालं हे कुठलीच कथा सांगत नाही.

ते सांगायला कायद्याची पुस्तकं उघडावी लागतात. 1898 च्या महारोगी कायद्याने भीक मागून जगणाऱ्या कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबायची मुभा सरकारला दिली. गावाने आधीच वेशीबाहेर काढलेल्या माणसावर आता सरकारी शिक्काही बसला. या वागणुकीला वऱ्हाड-विदर्भातूनच ठाम उत्तर मिळालं. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये अमरावतीला तपोवन उभारलं, बाबा आमटे यांनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन. दोन्ही ठिकाणी रुग्णांच्या हातांना काम मिळालं. बोटं झडलेल्या माणसांनी शेती पिकवली, कापड विणलं, घरं बांधली.

वऱ्हाडच्या याच इतिहासात गुलाबराव महाराजांचं नाव घ्यायला हवं. 1881 मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या मुलाची दृष्टी तान्हेपणीच गेली. पुढे त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, स्वतःची सांकेतिक लिपी बनवली, तत्त्वज्ञानापासून संगीतापर्यंत लेखन केलं आणि 1915 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. ते पुस्तकं इतरांकडून वाचून घेत आणि ऐकलेलं त्यांच्या ध्यानात पक्कं बसे. त्यांना ज्ञान मिळालं ते कानांवाटे, आणि वाचून दाखवणारं कुणीतरी शेजारी होतं म्हणून. वस्तुसंग्रहालयांना आज जे शिकायचं आहे, ते वऱ्हाडातल्या एका घरात शंभर वर्षांपूर्वी रोज घडत होतं.

विदर्भातलं सर्वांत जुनं वस्तुसंग्रहालय म्हणजे नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय. 1863 मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाला लोकांनी ‘अजब बंगला’ म्हटलं आणि तेच नाव रुळलं. वाशिम-अकोल्याच्या माणसाने नागपूरला गेल्यावर अजब बंगला पाहायचाच, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पाहायचा, म्हणजे डोळ्यांनीच. त्या काळातली संग्रहालयं काचेच्या कपाटांभोवती उभी राहिली. वस्तू आत, माणूस बाहेर, मध्ये काच आणि बारीक अक्षरातली पाटी.

संग्रहालयं नेहमीच अशी नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात लोक वस्तू उचलून, चाचपून पाहत. 1710 मध्ये तिथे आलेल्या एका जर्मन प्रवाशाने या प्रकाराबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे. वस्तू जपण्याची जाण वाढली तशा काचा आल्या, आणि त्यात चूक काही नव्हती. हजारो हात लागले तर दगडही झिजतो. पण या बंदोबस्तात दृष्टिहीन माणसासाठी संग्रहालयाचं दार जवळपास बंदच झालं.

ते पुन्हा किलकिलं करणाऱ्यांत इंग्लंडमधल्या संडरलँड संग्रहालयाचे जॉन अल्फ्रेड चार्लटन डीस हे आघाडीचं नाव. 1906 पासून त्यांनी अंध मुलांना आणि प्रौढांना संग्रहालयात बोलावलं आणि पेंढा भरलेले प्राणी, हाडांचे सांगाडे, शस्त्रं त्यांच्या हाती दिली. हाताने पाहिलेला प्राणी मुलं नंतर मातीत घडवत. एरवी चित्रात दिसणाऱ्या जनावराचा आकार त्यांच्या बोटांना कळला होता. इटलीतल्या अँकोना शहरात 1993 मध्ये एका अंध दांपत्याच्या पुढाकाराने ‘ओमेरो’ हे स्पर्शाचं संग्रहालय उभं राहिलं, तिथे प्रसिद्ध शिल्पांच्या प्रतिकृतींना हात लावायला कुणाचीही आडकाठी नसते. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने 2015 मध्ये ‘अनुभव’ हे दालन उघडलं. संग्रहातल्या निवडक वस्तूंच्या प्रतिकृती तिथे हातांनी पाहता येतात.

आता वाशिमकडे वळू या. हे शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिणारा राजा होता. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कला शिखरावर पोहोचली. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावं लेणं कोरवून घेतलं. वाशिमच्या राजघराण्याचं सर्वांत मोठं वैभव असं वाशिमच्या बाहेर, डोंगराच्या कुशीत आहे. तिथे पोहोचायला पायऱ्या चढाव्या लागतात. चालता न येणाऱ्याला डोलीवाल्यांच्या खांद्यावरून जावं लागतं आणि थांबावंही लागतं ते डोलीवाले सांगतील तिथेच.

वाशिममध्येच सापडलेला मोठा ठेवा म्हणजे विंध्यशक्ती द्वितीय या राजाचा ताम्रपट. 1939 मध्ये तो उजेडात आला आणि वत्सगुल्म शाखेच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षातलं हे दानपत्र आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, बाकीचा व्यवहार प्राकृतात. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो मोठा संग्रह सिद्ध केला, त्यात हा लेख मानाच्या जागी आहे.

ताम्रपट ही मुळातच हाताने ओळखता येणारी वस्तू आहे. शाईचा कागद चाचपून काही कळत नाही, पण तांब्याच्या पत्र्यावर छिन्नीने खोदलेलं अक्षर बोटाला लागतं. वाकाटकांच्या अनेक लेखांत अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते आणि नीट बनवलेल्या प्रतिकृतीत तीही बोटाला सापडू शकते. पत्र्याच्या कडेला कडीसाठी पाडलेलं भोक आणि एकामागून एक ओवलेले पत्रे हातात धरले, की राजाज्ञा म्हणजे नेमकी कशी वस्तू होती हे डोळस माणसालाही नव्याने उमगतं. शेजारी ब्रेलमध्ये मजकूर असला, तर सोळाशे वर्षांपूर्वीची लिपी आणि आजची ठिपक्यांची लिपी एकाच टेबलावर वाचता येईल. भारतीय भाषांसाठी एकसमान ब्रेल 1951 मध्ये ठरली, त्यामुळे मराठीतली अशी पाटी तयार करणं मुळीच अवघड नाही.

जिल्ह्यातलं आजचं सर्वांत मोठं संग्रहालय मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर यामुळे देशभरच्या बंजारा समाजाला हे स्थान काशीसारखं वाटतं. रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांवरून माणसं लोटतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारत चार मजली, दालनं तेरा. लोक तिला ‘नंगारा’ म्हणूनही ओळखतात.

पोहरादेवीच्या यात्रेत तरणीताठी माणसं असतात तशी काठी टेकत येणारी आजी, मुलाच्या पाठीवर बसून येणारे आजोबा, पोलिओने पाय अधू झालेला शेतमजूर, अंध भजनी हेही असतात. चार मजल्यांच्या इमारतीत यांच्या वाट्याला सगळी दालनं यायची, तर पहिली पायरी ओलांडण्यापासून विचार करावा लागतो. एक फूट उंची गाठायला किमान बारा फूट लांबीचा उतार लागतो. त्याहून आखूड उतार चाकाच्या खुर्चीला घसरगुंडी ठरतो. दार सुमारे नव्वद सेंटिमीटर मोकळं हवं. वस्तू मांडलेल्या टेबलाखाली गुडघे शिरतील एवढी जागा हवी, नाहीतर खुर्चीतला माणूस वस्तूपासून हातभर दूरच राहतो. उद्वाहन असेल तर ते चालू असावं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे शोधत फिरावं लागू नये.

एवढं झालं तरी अर्धंच काम झालं. पुढचा अर्धा भाग वस्तूंचा. बंजारा संस्कृतीची ठेवण अशी आहे की ती काचेमागे फार काळ सुखाने राहत नाही. स्त्रियांच्या फेटियावर (घागऱ्यावर) आणि कांचळीवर (चोळीवर) आरशांचे तुकडे, कवड्या, रंगीत दोऱ्याचा भरगच्च टाका असतो. घुगरी-टोपली केसांतून गालांवर लोंबते आणि हालचालीबरोबर वाजते. हातभर बलिया, म्हणजे बांगड्या असतात. डोळे मिटून चाचपलं तरी हे काम कुणाचं ते कळतं. नव्याने शिवलेला एक फेटिया, एक कांचळी, दागिन्यांचा एक संच हाताळण्यासाठी मोकळा ठेवला, तर जुन्या मौल्यवान वस्तूंना धक्का लागणार नाही. शिवाय तांड्यांवरच्या कशिदा करणाऱ्या बायकांना कामही मिळेल.

आणि नंगारा, म्हणजे बंजाऱ्यांचा नगारा. लदेणीच्या काळात धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून तांडे शेकडो कोस जात, तेव्हाही तो सोबत असे. आज तो देवीपुढे, होळीच्या लेंगी गाण्यांत, लग्नात वाजतो. काठीचा ठोका पडला की त्याचा घुमारा छातीत जाणवतो. जो कानांनी ऐकू शकत नाही, त्यालाही तळहात वाद्याच्या अंगावर ठेवला की ताल कळतो. वाजवायला आणि हात लावायला मोकळा असा एक नंगारा, शेजारी त्याची गोष्ट भारतीय सांकेतिक भाषेत सांगणारी चित्रफीत, आणि मराठी व बंजाऱ्यांच्या गोरबोलीत ऐकू येणारं निवेदन. एवढ्या तीन गोष्टींनी बहिरा मुलगा, अंध आजोबा आणि अक्षरओळख नसलेली तांड्यावरची बाई असे तिघेही एकाच दालनात, एकाच वेळी, एकाच वस्तूपाशी येतात. वाचता न येणाऱ्याची सोय आणि दिसत नसणाऱ्याची सोय वाशिमसारख्या जिल्ह्यात बऱ्याचदा एकच असते.

कायद्याचं पाठबळ आता पुरेसं आहे. 1995 च्या कायद्याने सुरुवात झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगता मान्य केली आणि सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाला हक्काचा दर्जा दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे वाशिम जिल्ह्याच्या तेव्हाच्या लोकसंख्येच्या जवळपास अडीच पट माणसं.

2016 च्या कायद्यातलं 29 वं कलम फारसं चर्चेत आलं नाही. दिव्यांगांच्या ऐतिहासिक अनुभवांची नोंद करणारं आणि त्यांचा अर्थ लावणारं संग्रहालय उभारावं, असं ते सुचवतं. उतार, कठडे, ब्रेल यांच्या पलीकडचं हे पाऊल आहे. दिव्यांग माणूस संग्रहालयात प्रेक्षक म्हणून आला पाहिजे, तसाच तो तिथल्या इतिहासातही दिसला पाहिजे.

त्यासाठीचा ऐवज या मुलखात विपुल आहे. वासुकी आणि श्रीपाळ यांच्या कथा, खुणांनी बोलणारा नरहरी आणि त्या खुणा समजून घेणारं त्याचं घर, 1898 चा कायदा, तपोवन आणि आनंदवनातले विणकर, गुलाबराव महाराजांचा ग्रंथव्यवहार हे सारं मांडता येईल. वाशिमजवळच्या केकतउमरा गावचा ‘चेतन सेवांकुर’ हा दृष्टिहीन कलावंतांचा वाद्यवृंद गावोगावी कार्यक्रम करतो. ऐकण्याचं दालन कसं असावं हे विचारायला जिल्ह्याला लांब जायची गरज नाही. अशा दालनाचा आराखडा कागदावर येण्याआधीच या कलावंतांना, चाकाच्या खुर्चीवरून वावरणाऱ्यांना आणि जिल्ह्यातल्या मूकबधिर मुलांना इमारतीत बोलवावं. ती कुठे अडतात, कुठे रमतात, कुठल्या वस्तूपाशी त्यांचा हात थांबतो, हे टिपून घ्यावं आणि त्यावरून मांडणी ठरवावी. इमारत उभी झाल्यावर फोडाफोड करून उतार बसवण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं, आणि यात्रेच्या गर्दीत मुलाच्या पाठीवरून आलेल्या आजोबांना चौथ्या मजल्यापर्यंत आपल्या समाजाचा इतिहास स्वतः फिरून पाहता येतो.